शेंदराखालचा शिक्का

नव्वदच्या दशकाची अखेर. आमची कंपनी मुलचेऱ्याजवळ तैनात होती. मी आर्मोरर हवालदार, म्हणजे शस्त्रं तपासणारा. बाकीचे पेट्रोलिंगला जायचे आणि मला "सावलीतला सैनिक" म्हणून चिडवायचे. नक्षलवाद्यांच्या सुरुंगस्फोटात आमचा नाईक गोपाळ गेला, तेव्हापासून कुणी चिडवेना. त्याची रायफल तपासणीसाठी माझ्या बाकावर आठ दिवस पडून होती. तिला हात लावायचा मला धीर होत नव्हता.

एके दिवशी १४:०० वाजता नाक्यावरून एका म्हाताऱ्या मच्छीमाराला आणलं. लहानू भोयर. पोत्यात तलवार.

"मले काऊन धरून राह्यले, भाऊ? उद्या पोराचं लगन आहे. नवरदेवाच्या हातात हेच तलवार राह्यते. माह्या आज्याची आहे."

कंपनी कमांडरनी मला विचारलं, "जुनी की नवी? चारला गाडी गडचिरोलीला निघेल. नवी असेल तर हा गाडीत बसेल."

नव्या पात्यावर जुन्या कारखान्याचा शिक्का ठोकून विकणारे तेव्हा होते. मी चुकलो तर एक तर निरपराध माणूस आत, नाहीतर शस्त्रं पुरवणारा मोकळा. मला भीती वाटत होती.

पातं विलायती वाटत होतं; तसल्या पात्यावर शिक्का मुठीलगत असतो. तिथे शेंदराचा जाड थर होता. मी रॉकेलची चिंधी उचलली. लहानूभाऊंनी माझा हात धरला.

"देव आहे तो. मीच पुसतो."

१५:२०. शेंदूर निघाला, खाली नुसतं काळं लोखंड. शिक्का नव्हता. मी म्हणालो,

"भाऊ, पलटवा."

दुसऱ्या बाजूचा शेंदूर पुसल्यावर दिसलं तुरीच्या दाण्याएवढं, मुकुट घातलेलं राजाचं डोकं. जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या एका जुन्या तलवार-कारखान्याची खूण. पण नकली माल करणारेही हीच मारतात. भिंग लावलं. नव्या ठशाच्या कडा बोटाला लागतात. ह्याच्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि खाचेत पात्याइतकाच जुना गंज होता.

१५:४५. "जुनी आहे, सर. शंभर वर्षांच्या वरची."

"लिहून दे."

दिलं. लहानूभाऊ सुटले.

लहानूभाऊ तलवार गुंडाळता गुंडाळता बाकावरच्या रायफलीकडे बघून थांबले. "हे बंदूक कोणाची?"

"गोपाळची. गेला तो."

त्यांनी तलवार बांधून घेतली. निघताना म्हणाले, "उद्या या, भाऊ."

तासाभराची परवानगी काढून गेलो. तलवार नवरदेवाच्या हाती देण्याआधी त्यांच्याकडे घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. लहानूभाऊंनी आज्याचं घेतलं, बापाचं घेतलं, भावाचं घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् गोपाळभाऊ."

मी भर मांडवात रडलो. कॅम्पवर परतलो आणि गोपाळची रायफल साफ करायला घेतली.