स्पॅनिशमधली कुरकुर

सुरतेत मी स्पॅनिश शिकवते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कोणाला?" माझे वडील बँकेच्या नोकरीत जळगावहून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मी पुण्यात राहून स्पॅनिश शिकले आणि परत आले, तेव्हा आई म्हणाली होती, "आता बोलणार कोणाशी? भाजीवाल्याशी?" आईचं बरोबर होतं. पण तेवढ्यात शहराबाहेरच्या एका नव्या शाळेने आपल्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द घातला. शब्दाला जागायचं म्हणून एक परदेशी भाषा हवी होती. फ्रेंच शेजारच्या शाळेने आधीच घेऊन टाकली होती. म्हणून मी लागले.

आमच्या प्रिन्सिपल मॅडम मूळच्या अकोल्याकडच्या. शाळेच्या आवारात इंग्रजी बोलायच्या, दार लोटून घेतलं की माझ्याशी मराठी. त्यांचा देवावर विश्वास होता की नाही मला माहीत नाही, अ‍ॅक्टिव्हिटीवर मात्र होता. शिक्षकाने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की त्यांचा चेहरा पडे. मुलांनी टोप्या घालून गोल फेर धरला की तो उजळे. प्रत्येक तासाचा एक फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचा असा नियम होता. जे फोटोत दिसत नाही ते शिक्षण नव्हे, ही त्यांची श्रद्धा.

तेव्हा मीही नववीच्या वर्गात सगळं केलं. भिंतीला 'भिंत', दाराला 'दार' अशा स्पॅनिश चिठ्ठ्या डकवल्या. शहराचा नकाशा जमिनीवर आखून मुलांना डावीकडे-उजवीकडे चालवलं. हॉटेल मांडलं, वेटर नेमले. मुलं पाठ केलेली वाक्यं म्हणायची, फोटो निघायचा, आणि फोटो निघाला की स्पॅनिश संपायची.

सगळ्यांत लाडका खेळ चेंडूचा. मऊ चेंडू कोणाकडेही टाकायचा, ज्याने झेलला त्याने एक वाक्य बोलायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळी मुलं एकच वाक्य बोलत होती: "ओला, मे यामो अमुक." नमस्कार, माझं नाव अमुक. जन्मापासून एका सोसायटीत वाढलेली मुलं एकमेकांना रोज आपलं नाव सांगत होती.

एके दिवशी चेंडू एका मुलीकडे आला. तिच्या वडिलांचा कतारगामला हिरे घासायचा कारखाना होता. ती हुशार होती, पण माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची. तिने चेंडू झेलला, मांडीवर ठेवला आणि गुजरातीत म्हणाली, "टीचर, रोज रोज आ ज?" रोज हेच का?

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर वर्षभरात त्या वर्गात मनापासून बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: 'नो मे गुस्ता'. म्हणजे मला आवडत नाही. म्हटलं, "हेच स्पॅनिशमध्ये म्हण."

ती उभी राहिली. "नो मे गुस्ता ओला," ती म्हणाली. मला 'नमस्कार' आवडत नाही.

वर्ग असा खदखदून हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. आणि मग हात वर यायला लागले. एकाला कँटीनचा ढोकळा आवडत नव्हता, एकाला सकाळी सहाची ट्यूशन, एकाला त्याचा मोठा भाऊ. मी चेंडू कपाटात टाकला. दुसऱ्या दिवसापासून तासाची पहिली पंधरा मिनिटं तक्रारीची. कशाबद्दलही, कोणाबद्दलही, पण स्पॅनिशमध्येच. ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो वर्गात असेल तर त्याने उत्तर द्यायचं, तेही स्पॅनिशमध्येच.

इतके महिने मी जे ढकलत होते ते आपसूक पळायला लागलं. नावडती गोष्ट एकाहून जास्त असेल तर 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं. हे अनेकवचन सगळ्या वर्गाला एका दिवसात आलं, कारण नावडत्या गोष्टी सगळ्यांकडे भरपूर होत्या. भूतकाळ त्यांनी स्वतः मागून घेतला, कालचा राग आज काढायचा होता ना! 'खाजतं', 'दुखतं', 'पुरे झालं', 'हे माझं आहे', असे शब्द मुलं घरून ठरवून येऊन विचारायची. खिडकीबाहेर बघणारी ती मुलगी आता घंटा झाली तरी खाली बसत नसे.

प्रिन्सिपल मॅडम आल्या तेव्हा एक मुलगा बाकावर उभा राहून रसायनशास्त्राबद्दल बोलत होता आणि वर्ग टाळ्या वाजवत होता. त्यांनी मला बाहेर बोलावलं, त्यांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"अहो, हे काय चाललंय? पोरं रडगाणं गातात आणि तुम्ही उभ्या राहून ऐकता?"

"मॅडम, ती स्पॅनिशमध्ये रडताहेत."

"पण निगेटिव्ह आहे ना ते सगळं! आणि याचा फोटो कसा काढायचा? कुरकुरणारं तोंड फोटोत कसं दिसतं, सांगा बरं."

तक्रारीचा तास बंद झाला. त्याऐवजी मला स्पॅनिश दिवस साजरा करायला सांगितलं. पाहुणाही ठरला होता. इच्छापोरच्या एका कारखान्यात स्पेनहून मशीन आलं होतं आणि ते बसवायला एक इंजिनियरही आला होता. कारखाना आमच्या ट्रस्टीसाहेबांच्या मेहुण्यांचा. म्हणजे पाहुणा घरचाच.

स्पॅनिश दिवसाची तयारी कशी झाली ते सांगण्यासारखं आहे. पहिला प्रश्न बैलाचा. एका मुलाने पुठ्ठ्याचा सुंदर काळा बैल केला होता, त्याच्यासमोर लाल फडकं हलवायचं होतं. ट्रस्टीसाहेब म्हाताऱ्या गाईबैलांच्या पांजरपोळाला देणगी देणारे. ते म्हणाले, "बेन, आपल्या शाळेत बैलाला चिडवायचं?" मग बैलाला झेंडूची माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि स्टेजवरून सन्मानाने फिरवलं. स्पेनमध्ये पोळा असता तर तो असाच दिसला असता.

दुसरा प्रश्न खाण्याचा. तिकडे अंडी-बटाट्याचं जाड आमलेट करतात, ते करू म्हटलं. अंडं चालणार नव्हतं. कांदा चालणार नव्हता. ट्रस्टींपैकी निम्मे जैन, म्हणून बटाटाही चालणार नव्हता. उरलं तेल आणि मीठ. त्यात कँटीनवाल्याने बेसन आणि कच्चं केळं घातलं, धिरड्यासारखा पुडला केला, आणि पाटीवर 'स्पॅनिश आमलेट' लिहिलं. घागरे टेक्स्टाइल मार्केटमधून आले, लाल, झालरीचे, जरीचे. टोप्या आल्या त्या मेक्सिकोच्या. मी तसं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "भाषा तीच ना? मग टोपी चालते."

कार्यक्रम झाला. मुलांनी पाठ केलेलं स्वागत केलं, नाच केला, बैल फिरला. पाहुणा पन्नाशीचा, घामाघूम, सभ्य माणूस. प्रत्येक गोष्टीला टाळ्या वाजवत होता आणि बैल गेला तेव्हा तर उभाच राहिला. नंतर तो ओळीत उभ्या असलेल्या मुलांना भेटायला खाली उतरला. सगळ्यांत पुढे कतारगामची मुलगी होती. त्याने तिला स्पॅनिशमध्ये साधंच विचारलं, "तुला आवडलं का हे सगळं?"

हा प्रश्न पाठांतरात नव्हता. मागून मॅडमचा आवाज आला, "स्माइल, बेटा, स्माइल!"

मुलीने घागऱ्याकडे पाहिलं. "नो मे गुस्ता," ती म्हणाली. आणि सुटलीच. हा घागरा खाजतो. बूट दुसऱ्या कोणाचे आहेत, ते चावतात. आम्ही सकाळपासून उभे आहोत. शेजारच्या मुलाने टोपी काढून तिच्या वाक्याला जोड दिली, की ही टोपी तुमच्या देशाची नाहीच. तिसरा म्हणाला, आमलेटमध्ये अंडं नाही. चुका होत्या, क्रियापदं वेडीवाकडी होती, पण पाहुण्याला शब्दन् शब्द कळत होता. तो खाली वाकून ऐकत होता.

मग मुलीने, बोलण्याच्या ओघात कोणीही विचारेल तसं, विचारलं, "आणि तुम्हाला?"

त्या माणसाला आठवडे झाले असावेत कोणी हे विचारून. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बांध फुटला. हॉटेलातली डाळ गोड, भाजी गोड, कढीसुद्धा गोड! "देमास्यादो दुल्से!" तो ओरडला. फार म्हणजे फारच गोड. कारखान्यात माणूस बोलवला की "पाच मिनिटांत" म्हणतात आणि संध्याकाळ होते. रस्त्यावर हॉर्न कशासाठी वाजवतात? मुलांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. मुलगी त्याला शिकवत होती की वेटरला काय सांगायचं: "खांड नहीं," म्हणजे साखर नको. तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता, "कांद नाइ, कांद नाइ," आणि पोरं त्याचा उच्चार सुधारत होती. माझ्या नोकरीतली ती सगळ्यांत चांगली पंधरा मिनिटं, आणि त्यांचा फोटो कोणी काढला नाही. सगळे टोप्यांचे काढत होते.

ट्रस्टीसाहेब कौतुकाने बघत माझ्या शेजारी आले. "शुं कहे छे, बेन?"

"साहेब, ते म्हणतात, इथला पाहुणचार इतका गोड आहे की सोसवत नाही."

"सुरत छे ने!" साहेब खूश. "आणि आपली दीकरी?"

"ती म्हणते, शाळेने दिलेला पोशाख तिला क्षणभरही विसरता येत नाही."

एक शब्द खोटा नव्हता. साहेबांचे डोळे ओले झाले. त्यांनी तिथेच मॅडमना विचारलं, की पोरं इतकी फाडफाड कशी बोलतात? मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "आमचा एक नवा उपक्रम आहे, सर."

सोमवारी उपक्रमाचं परिपत्रक निघालं. सर्व इयत्तांना रोज पंधरा मिनिटं मुक्त संभाषण. फक्त एक बदल होता: मुलांनी तक्रार करायची नाही, कौतुक करायचं. मी चरफडत वर्गात गेले आणि सांगितलं, "आजपासून 'मे गुस्ता'. आवडतं तेच बोलायचं." मॅडम शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. 'मे गुस्ता' एवढं त्यांनी शिकून घेतलं होतं आणि ते ऐकलं की मान डोलवत होत्या.

वर्ग जरा वेळ विचारात पडला. मग एक मुलगा उभा राहिला. मला आमच्या बसचे काका आवडतात, तो म्हणाला. ते कधीच घाई करत नाहीत, त्यामुळे आमचा पहिला तास चुकतो. मॅडमनी मान डोलवली. दुसरी म्हणाली, मला गणिताचे सर आवडतात. ते फळ्याशी बोलतात, आम्हाला त्रास देत नाहीत. मॅडमनी मान डोलवली. मी हे कोणाला शिकवलं नव्हतं. पुस्तकात त्याचा धडाही नाही.

शेवटी कतारगामची मुलगी उठली. अतिशय शुद्ध उच्चारात, एकही चूक न करता म्हणाली, की मला आमच्या प्रिन्सिपल मॅडम फार आवडतात, कारण त्यांना सगळं समजतं.

वर्गाने खाली माना घातल्या. मॅडमना आपला उल्लेख कळला होता. तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "काय म्हणाली हो ती माझ्याबद्दल?"

मी शब्दशः सांगितलं.

मॅडम लाजल्या. साडीचा पदर सारखा करत म्हणाल्या, "गुणी आहे हो पोर."