आरोंद्याच्या बारमध्ये दिलेलं उत्तर

मला बियर आवडते, आणि जुन्या बारमध्ये बसून प्यायला त्याहून जास्त आवडतं. सुट्टी मिळाली की मी असे बार शोधत हिंडतो. आरोंद्याला खाडीकाठी एका ख्रिश्चन कुटुंबाचा तीन पिढ्यांचा बार आहे असं कळलं, म्हणून चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिथं पोचलो.

कौलारू पडवी, लाकडी बाकं, भिंतीवर क्रूस. गिऱ्हाईक मी एकटाच. मालकीण सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू. मी बियर मागितली. माझा आवाज ऐकताच ती उठली आणि चाचपडत माझ्यापाशी आली.

"इलंस रे? माझो घोव बुडालो तेव्हा होडयेत तूच हुतंस ना?"

मी नाही म्हणायच्या आत तिनं माझं मनगट धरलं. कित्येक वर्षांपूर्वी नवऱ्याची होडी खाडीच्या मुखाशी उलटली होती. सोबतचा मित्र वाचला आणि त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. हे सगळं मला तिच्याच बोलण्यातून कळलं.

"शेवटाक तो काय बोललो? इतक्याच सांग माका."

मी तिच्याच बोलीत म्हणालो, "तुझाच नाव घेतल्यान."

ती बाकावर बसली. मग स्वतः उठून तिनं मला बियर आणून दिली. ती मला संपवता आली नाही.

दोन वर्षांनी खरं सांगून टाकावं म्हणून परत गेलो. काउंटरवर तिची मुलगी होती. आई गेली, म्हणाली.

"जाण्याआधी एक म्हातारो इल्लो. बाबाचो मित्र म्हणी. आयेन दार उघडूक नाय. 'तो येवन गेलो,' म्हणाली. पायरेर बसान रडलो, बाबाचा कायतरी सांगूचा आसा म्हणा होतो. मगे गेलो."

"खंय गेलो?"

"कोणाक म्हायत."

"आदी इल्लो तो मी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी काढलेली बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली.

अजूनही मी जुन्या बारमध्ये जातो. कोपऱ्यात एखादा म्हातारा एकटा बसलेला दिसला की त्याचं गाव विचारतो. आरोंद्याचा कुणी अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला काय सांगायचं, तेही मला ठाऊक नाही.