पोरीचं माहेर

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत भेटणाऱ्या नागपूरच्या काकांना "कसे आहात?" विचारलं, की ते मान हलवून म्हणतात, "पोरीचं माहेर सापडत नाही ना!" नवख्याला वाटावं, घरात एखादं लग्न अडलंय.

ही पोर मध्ययुगातल्या इंग्लंडमधली, वारसाहक्काने जहागीर मिळालेली. काकांची सून अमेरिकन, आणि तिच्या आईच्या कुळात ही बाई निघाली. नातवासाठी म्हणून काकांनी वंशावळ हातात घेतली आणि तिच्यातच गुंतले. पोरीचा नवरा, जमिनी, सगळ्याला पुरावा आहे. फक्त बाप कोण, याला नाही. इंटरनेटवर कुणीतरी तिला राजाच्या पुतण्याची लेक करून टाकलंय, आणि विहीणबाई ते चारचौघांत मिरवतात.

काळजीत असले की काका बोटातली अंगठी टेबलावर टकटक वाजवतात. परवा ती एकदम थांबली.

"पोर जन्मली तेव्हा हा पुतण्या नऊ वर्षांचा होता," ते हळूच म्हणाले. "नऊ वर्षांचा बाप असतो का हो?"

माझ्यासमोरच त्यांनी घरच्यांच्या फॅमिली ट्रीमधून त्याचं नाव डिलीट केलं.

"काका, विहीणबाई थँक्सगिव्हिंगला येतायत ना?"

"म्हणून तर झोप नाही मला. पण कोणाच्याही गळ्यात कशी बांधू पोरीला?"

"आणि मग तिचा बाप कोण, असं विचारलं तर?"

स्क्रीनवर बापाची चौकट आता रिकामी होती. अंगठी पुन्हा वाजू लागली.

"सापडेपर्यंत मी आहे म्हणावं."