हुद्दा राहू दे

सातवीतच शाळेला रामराम ठोकलेले पेंटरकाका दारावरच्या पाट्या रंगवत म्हातारे झाले. पाटीवर कोण काय मोठं लिहायला सांगतो, त्यावरून ते माणसाचं पाणी जोखत. डॉक्टरीणबाई दवाखान्याची वेळ मोठी लिहून घेत, वकील फोन नंबर. एक साहेब मात्र आपल्या नामांकित विद्यापीठाचं नाव.

नोकरी बदलली की साहेब नवी पाटी करायला हजर. आधी ते 'व्यवस्थापक' होते, मग 'उपव्यवस्थापक' झाले, मग 'सल्लागार'. सल्लागार म्हणजे घरी बसलेला माणूस, हे काकांना कुणी शिकवावं लागलं नाही. हुद्दा जसजसा घसरत गेला, तसतशी विद्यापीठाची अक्षरं फुगत गेली. "बडा घर पोकळ वासा," काका ब्रश धुताना पुटपुटत.

परवा साहेब पुन्हा आले.

"या वेळी हुद्दा काय घालू?" काकांनी विचारलं.

साहेबांनी घसा खाकरला. "हुद्दा राहू दे. विद्यापीठ जरा ठळक येऊ दे."

काकांनी पट्टी लावून पाटी आखली. विद्यापीठानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी जागा खाल्ली. पेन्सिल कानामागे खोचत काकांनी अगदी अदबीनं विचारलं,

"साहेब, तुमचं नाव घालायचंय, की तेही राहू दे?"