पाठवणाऱ्याले विचारलं का?

संगणकासमोर उभे राहिले की ते आधी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. चुकूनही बोट कशाला लागायला नको. मग मान पुढे काढून स्क्रीनवरची फाईल डावीकडून पाहायची, उजवीकडून पाहायची आणि माझ्याकडे वळून विचारायचं, "पाठवणाऱ्याले विचारलं का?"

फाईल त्यांची असो, माझी असो, की रांगेतल्या एखाद्या अनोळखी माणसाची असो. प्रश्न हाच.

भिलाईत सुपेल्याच्या बाजारात माझं चॉइस सेंटर आहे. म्हणजे दाखले, अर्ज, पेन्शनचे कागद, झेरॉक्स असं सगळं करून देणारं लहानसं दुकान. ते मागच्या गल्लीत एकटे राहायचे. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन रायगढला गेली होती. दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात अख्खी नोकरी गेली, म्हणून मोहल्ल्यात सगळे त्यांना पार्सलबाबू म्हणत. माणूस रिटायर झाला, नाव काही झालं नाही.

मी त्यांना काका म्हणायची. पहिल्यांदा ते पेन्शनच्या कामासाठी आले, तेव्हा मी आईशी फोनवर बोलत होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, बाबा स्टील प्लांटमध्ये होते. दुकानात दिवसभर माझी हिंदी चालते, मराठी तेवढी आईपुरती उरली आहे. फोन ठेवला तर हे समोर हसत उभे.

"आपल्याच भागातली दिसते तू. मंग इतके दिवस माह्याशी हिंदीत कावून बोलून राहिली होती?"

"काका, तुम्ही आज पहिल्यांदाच आलात."

"हो का? मंग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी मला माफ केलं.

ईमेलचा पत्ता त्यांना मीच काढून दिला. पेन्शनच्या अर्जावर तो लिहावा लागतो, बाकी त्याचं काही काम नव्हतं. पण स्वारी अशी खूश झाली की गोंदियाच्या मावसबहिणीपासून रायगढच्या मुलीपर्यंत सगळ्यांना तो पत्ता त्यांनी कळवला. कसा, तर पोस्टकार्डानं. पुढे दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी अकराच्या ठोक्याला ते 'डाक पाहायला' येऊ लागले. डाक म्हणजे बहुतेक जाहिराती. त्याही ते पुरत्या वाचत.

ईमेलला जोडून आलेली फाईल म्हणजे त्यांच्या लेखी पार्सल. आणि पार्सल कसं हाताळायचं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आधी वजन पाहायचं, म्हणून ते मला फाईल केवढी आहे ते विचारत. मग नाव पाहायचं. मग गाठ पाहायची, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर कोणती अक्षरं आहेत ते. ओळखीची असली तर ठीक. अनोळखी असली तर हात मागे, आणि पाठवणाऱ्याला फोन.

"काका, नाव तर स्वच्छ लिहिलंय ना वर," मी एकदा वैतागून म्हटलं.

"लेबलाचं काय सांगते तू मले? एका खोक्यावर शिलाई मशीनचे पार्ट लिहिलं होतं. पार्ट आतून आवाज करून राहिले होते. खोललं त सहा कोंबड्या."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. त्याचं म्हणणं बरोबर असतं, म्हणून तर त्याचा जास्त राग येतो. मलाही यायचा. दुकानात माणसं खोळंबलेली आणि हे प्रत्येक फाईलची जन्मकुंडली मागणार. एकदा कुरियरच्या बिलाच्या नावानं मला एक फाईल आली. शेवटची अक्षरं मी कधी पाहिलेली नव्हती. काका मागे हात बांधून म्हणाले, "पाठवणाऱ्याले विचार." मी म्हटलं, "बिल तर आहे," आणि उघडली. तीन दिवस संगणक बंद. लोकांचे अर्ज, फोटो, सगळं आत अडकलं. मी पार रडकुंडीला आले होते.

ते तीन दिवस काका घरून आपलं स्टूल घेऊन आले आणि दुकानाच्या दारात बसले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मशीन बिमार आहे. परवा आइए." मी तुला सांगितलं होतं, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. तेव्हापासून मला त्यांचा राग येणं बंद झालं. माया कधी लागली, ते आठवत नाही.

मग एका मंगळवारी ती फाईल आली.

पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि काकांनी हात मागे घेतलेच नाहीत. दोन्ही हात टेबलावर टेकवले. नाव त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. मेलला विषय नाही, आत मजकूर नाही, नुसती एक फाईल जोडलेली. फाईलचं नाव म्हणजे चार शून्यं आणि पुढे एकाचा आकडा. टिंबानंतर व्ही, सी, एफ. मी असली फाईल तोवर पाहिली नव्हती. स्क्रीनवर तिचं चित्रही कोऱ्या कागदाचं आलं.

"शोधून पाहते ही अक्षरं कशाची आहेत," मी म्हटलं.

त्यांनी हात आडवा धरला. "राहू दे. कोंबड्या आठव." पण हसले नाहीत. "पाठवणाऱ्याले विचारल्याबिगर नाही."

"मग विचारा ना. भाऊच तर आहे."

ते वळले आणि निघून गेले. पुढच्या दोन-तीन खेपांत, तुकड्या-तुकड्यांनी, मला ती गोष्ट कळली.

आई तुमसरला धाकट्याकडे असायची. ती गेल्याचा फोन आला तेव्हा काका ड्यूटीवर होते. मिळेल त्या गाडीनं निघाले. गाडी वाटेत चार तास रखडली. तुमसर रोडला उतरून घरी पोचले, तर अंगणात पाट मांडलेला आणि माणसं आईला पोचवून, अंघोळी करून परतलेली. धाकटा चारचौघांत म्हणाला होता, "रेल्वेवाल्याची गाडी. कवा येईन त्याचा काय भरोसा? किती वाट पाहाची?" काका पाणीसुद्धा न पिता उलट्या पावली स्टेशनवर आले. त्याला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत ना फोन, ना चिठ्ठी.

आता पंचाईत पाहा. फाईल उघडायची तर भावाला फोन करायला हवा. आणि भावाला फोन करायचा नाही, हे तर अकरा वर्षं पाळलेलं. मी म्हटलं, मेललाच उत्तर पाठवू या. "मेलवर कोनीबी हो म्हनते. आवाज पाहिजे." मी म्हटलं, मग पुसून टाकू. त्यावर असे दचकले की मीच ओशाळले. "बेवारस माल बी इतक्या लवकर टाकत नसतात पोरी. पडू दे तिथंच."

फाईल पडून राहिली. ते मंगळवारी येत, शनिवारी येत, तिच्याकडे पाहत आणि जात. जाहिराती वाचणं त्यांनी सोडलं. मला चोरून त्या अक्षरांचा अर्थ शोधता आला असता, पण ते गाठ सोडून पार्सलमध्ये डोकावण्यासारखं वाटलं. एवढं तरी मी त्यांच्याकडून शिकले होते.

तिसऱ्या आठवड्यात ते शनिवारची वाट न पाहता गुरुवारीच आले. दाढी वाढलेली. खिशातून फोन काढला आणि डायरी न पाहता नंबर दाबला. भावाचा नंबर अकरा वर्षं तोंडपाठ होता तर! पलीकडून बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला, हा नंबर अस्तित्वात नाही. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

ते खाली बसले. "मले वाटे, फोन नाही करनं माह्या हातात आहे," ते म्हणाले. "करन म्हटलं त केव्हाबी करन." मग म्हणाले, "त्याले काही झालं त नसन न? कोनी दुसऱ्यानंच त पाठोलं नसन त्याच्या नावानं?"

मी म्हटलं, गोंदियाच्या मावसबहिणीला विचारा, तुमचा मेलचा पत्ता त्यांना तिनंच दिला असेल. "भावाचा नंबर तिले मागू? या उमरीत?" लाजेनं त्यांची मान खाली गेली होती. मग एकदम ताठ झाले. "पाठवनारा सापडत नसन त मालाचं कसं करतात, मालूम आहे तुले? दोन साक्षीदारांसमोर खोलतात. बोलव."

एक साक्षीदार मी. दुसरी शेजारी भजी तळणारी फूलबाई. ती कढई उतरवून, पदराला हात पुसत आली. मी दुकानातल्या सगळ्या अर्जांच्या नकला पेन ड्राइव्हवर घेतल्या, देवाचं नाव घेतलं आणि फाईल उघडली.

काही फुटलं नाही, काही बंद पडलं नाही. एक लहानशी चौकट आली. तिच्यात भावाचं नाव होतं आणि खाली दहा आकडी नंबर. बाकी काहीच नाही.

"का निकलिस?" काय निघालं, असं फूलबाईनं तिच्या छत्तीसगढीत विचारलं.

मी पाहतच राहिले. धाकट्यानं नवा नंबर घेतला होता आणि फोनमधून आपलं नाव-नंबर तेवढं पाठवून दिलं होतं. जी फाईल उघडण्यासाठी फोन लावायला हवा होता, तिच्यातून फोन नंबरच निघाला. मला हसू फुटणार होतं, पण काकांकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. ते वाकून एकेक आकडा बोटानं वाचत होते.

"खाली लेबल आहे, बाई," ते फूलबाईला म्हणाले. म्हणजे नुसतं लेबल आहे. त्यांची हिंदी तशीच होती.

फोन माझ्याच टेबलावरून लागला. फोन टेबलावरच ठेवून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि काका घाबरून एकदम ऑफिसच्या आवाजात बोलले, "तुमच्या नावानं एक फाईल आली आहे. तुम्हीच पाठोली का?"

पलीकडून अगदी काकांसारखाच, जरा पातळ आवाज आला, "मीच पाठोली, दादा. काय लिहू ते सुचलं नाही, म्हनून नंबर पाठोला." आणि मग, "या खेपेला वाट पाह्यली न मी. सोळा दिवस झाले."

काका फोन कानाला लावून दुकानाबाहेर गेले. स्पीकर चालूच होता, पण मी झेरॉक्सचं मशीन सुरू केलं. सगळंच ऐकायचं नसतं. फूलबाईनं त्या दिवशी आम्हाला भजी दिली.

त्यानंतर काका महिन्यातून एकदा तुमसरला जात. परत आले की भावाच्या तक्रारी सांगत. लय बडबड करते, चहात साखर लय टाकते. सांगताना तोंडभर हसत. दोन वर्षं हे सुख त्यांना मिळालं. आणखी मिळायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

एका थंडीत ते झोपेतच गेले. मुलगी रायगढहून दुपारपर्यंत पोचली. तुमसरकडून येणारी गाडी लेट होती. गल्लीतली माणसं घाई करू लागली, तेव्हा मी आणि फूलबाई दारात जाऊन उभ्या राहिलो. आम्ही थांबलो. ऊन उतरेपर्यंत सगळे थांबले. भाऊ आला, आणि मगच काकांना उचललं.

पुढे महिन्याभरानं माझ्या फोनमध्ये काकांचा एक फोटो सापडला. मी गंमत म्हणून कधीतरी मागून काढला होता. संगणकासमोर उभे, मान पुढे काढलेली, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट. तो मी धाकट्या काकांना मेलनं पाठवला. काय लिहावं ते मलाही सुचलं नाही. तसाच पाठवला.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"पोरी, तुह्या नावानं एक फाईल आली आहे. तूच पाठोली का?"

तोच आवाज, जरा पातळ.

"हो काका. मीच."

"काय आहे त्यात?"

"दादा आहेत तुमचे," मी म्हटलं.

"मंग गाठ सोडोतो," ते म्हणाले. पण फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.