हुसेन माझा नोकर नाही

वाचनालयातल्या मित्रांनो, आज दुपारचा प्रकार डोक्यातून जात नाही, म्हणून हा कागद फळ्यावर लावतोय.

मी आणि हुसेन मिस्त्री मोटारसायकलवरून इराण, इराक, तुर्कस्तान फिरणार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पासपोर्टच्या अर्जांवर शिफारशीची सही घ्यायला आम्ही तळोद्याच्या एका रावसाहेबांकडे गेलो. हुसेनकडे न बघताच ते मला म्हणाले, "याला तुमचा नोकर म्हणून लिहा, लगेच सही करतो."

मोटारसायकल हुसेनने सुटे भाग जोडून उभी केली, प्रवासाच्या वाटाही त्यानेच शोधल्या. मला किळस आली. दोन्ही अर्ज उचलून मी बाहेर पडलो.

हुसेन शांतपणे म्हणाला, "लिखी टाक ना भाऊ, मन्हं काय जास?"

सही दुसरीकडे मिळेल. पण 'माझं काय जातं' म्हणत असा अपमान गिळायची सवय त्याला कोणी लावली? आपणच ना?