स्पॅनिशच्या वर्गाला दांडी

सिंगापूरला येऊन मला अकरा दिवस झाले होते, तेव्हा मी स्पॅनिश शिकायला लागले. हे कुणालाही सांगितलं की ऐकणारा थांबतो आणि विचारतो, "सिंगापूरला? स्पॅनिश?" त्या दिवसांत मीही स्वतःला हेच विचारत होते. फक्त विचारायलाही फारसं त्राण नव्हतं.

माझा नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांवर काम करतो. पुण्यातली नोकरी सोडून त्याने इथल्या कंपनीत नोकरी घेतली, आणि आम्ही बुकित पंजांगला सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या साहेबांनी त्याला सांगितलं की आठेक महिन्यांनी तुला दक्षिण अमेरिकेत, चिलेला जायचं आहे, तिथे मोठं काम मिळतंय, तीन वर्षं तरी लागतील. जाणाऱ्या कुटुंबांना कंपनी स्पॅनिश शिकवते. त्याचा वर्ग शनिवारी, ऑनलाइन. माझा वर्ग आठवड्यातून चार दिवस, सकाळी दहा ते एक, शहरातल्या एका लँग्वेज स्कूलमध्ये.

"मला अजून इथलंच काही कळत नाही," मी म्हणाले. "कचरा टाकायची झडप कुठे आहे ते काल कळलं मला."

"अगं, इथे इंग्रजीवर भागतं. तिथे भाजीवालीशी तरी काय बोलणार आहेस तू? आणि घरात बसून तरी काय करणार?"

शेवटचं वाक्य तो सहज बोलला. मला मात्र ते लागलं. बावीस वर्षं मी एका शाळेत गणित शिकवलं होतं. राजीनामा दिला, मुलाला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सोडलं, महिनाभर घर आवरलं, कपाटं रिकामी केली, भांडी वाटून टाकली. विमानात बसले तेव्हा वाटलं होतं, आता तिकडे गेल्यावर आधी आठ दिवस नुसतं झोपायचं. ते आठ दिवस काही मिळाले नाहीत.

सकाळी आठच्या सुमारास घरातून निघायचं. आमच्या इथली एलआरटी म्हणजे चालक नसलेली छोटीशी गाडी. ती इमारतींच्या इतक्या जवळून जाते की लोकांच्या घरात दिसू नये म्हणून तिच्या काचा आपोआप धूसर होतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्याच डोळ्यांसमोर अंधारी आली. मग शहरात जाणारी मोठी मेट्रो, एमआरटी, धरायची, आणि शेवटी दहा मिनिटं त्या दमट उन्हात चालायचं. वर्गात पोचेपर्यंत ड्रेस पाठीला चिकटलेला, आणि आत एसी इतका की दात वाजायचे.

आम्ही सात विद्यार्थी होतो. पाच जण तिशीच्या आतले, दोन-दोन भाषा आधीच येणारे, लॅपटॉपवर भराभर टिपणं घेणारे. सहावी मी. सातवी एक चिनी बाई, सत्तरी ओलांडलेली, बारीक कापलेले पांढरे केस, फुलाफुलांचा ब्लाउज. इथे त्या वयाच्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, मीही आंटी म्हणू लागले. शिकवणाऱ्या बाई पेरू देशातल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. वर्गात पाऊल टाकल्यापासून त्या स्पॅनिशशिवाय एक अक्षर बोलायच्या नाहीत. हातवारे करायच्या, चित्रं काढायच्या, आणि समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने.

पहिले दोन दिवस बरे गेले. माझे त आणि द ऐकून बाई खूश झाल्या. इंग्रजीवर वाढलेल्यांना ते जमत नव्हते, मला काही करावंच लागलं नाही. पण तिसऱ्या दिवशी क्रियापदं आली. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत. मी मुळात अशी आहे, हे सांगायला एक. मी या घडीला अशी आहे, हे सांगायला दुसरं. बाई प्रत्येकाला विचारत होत्या, कशा आहात. माझी पाळी आली. आदल्या दिवशी फळ्यावरचा 'कान्सादा' म्हणजे दमलेली हा शब्द मला लगेच पाठ झाला होता. मी म्हणाले, "सोय कान्सादा."

दोन-तीन जण हसले. मी मुळातच दमलेली बाई आहे, असं काहीतरी ते झालं होतं. बाईंनी मान हलवली आणि फळ्यावर 'एस्तोय' लिहिलं. मी पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा 'सोय'च तोंडातून गेलं. मग बाईंनी मला उभं केलं आणि ते वाक्य पाच वेळा म्हणायला लावलं. मी दमलेय. मी दमलेय. मी दमलेय. माझे हात टेबलावर टेकलेले होते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी वर्गात उभी होते, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त खाली बसावंसं वाटत होतं. माझ्या वर्गात पाढे न येणाऱ्या किती मुलींना मी असंच उभं केलं असेल, ते मला आठवायचं नव्हतं. एक मात्र आठवली. ती दुसऱ्या दिवसापासून शाळेला येईनाशी झाली होती. मी कारणही विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी घरातून वेळेवर निघाले, शहरात उतरले, आणि शाळेच्या गल्लीत वळलेच नाही. मागच्या रस्त्यावर एक हॉकर सेंटर होतं, म्हणजे छपराखाली ओळीने खाण्याचे स्टॉल आणि मधे सगळ्यांसाठी टेबलं. तिथे कोपी, म्हणजे घट्ट दुधाची इथली कॉफी, घेतली आणि एक वाजेपर्यंत बसून राहिले. काही वाचलं नाही, कुणाला फोन केला नाही. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज काय शिकवलं?" मी म्हणाले, "रंग." पुस्तकात पुढचा धडा रंगांचा होता. खोटं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. मंगळवारी मी त्याला फळं सांगितली.

बुधवारी लवकरच पोचले, साडेनऊ वाजायचे होते. मी कोपीत चमचा फिरवत होते, तेवढ्यात समोर कुणीतरी ट्रे ठेवला. आंटी.

"यू ऑल्सो पोन्तेंग?" तिने विचारलं.

मला शब्द कळला नाही. पोन्तेंग म्हणजे शाळेला दांडी, तिने खुलासा केला. मग आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "मी पण. सोमवारपासून."

आम्ही दोघी तीन दिवस एकाच हॉकर सेंटरच्या दोन टोकांना बसलो होतो. मला हसू आलं आणि त्याच झटक्यात डोळे भरून आले. तिने ते बघितलं आणि आपल्या ताटलीतला अर्धा टोस्ट माझ्या बशीत ठेवला.

तिचं इंग्रजी तुटक होतं, माझे कान नवे होते, तरी हळूहळू सगळं कळत गेलं. तिचा जन्म पुलाउ उबीनचा, इथून बोटीने जायच्या छोट्या बेटावरचा. वडील तिथल्या दगडाच्या खाणीत. ती चौथीपर्यंत शिकली, नंतर मुख्य बेटावर येऊन कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला लागली. नवरा वारलेला. एकुलती एक मुलगी मेक्सिकोत लग्न करून राहिलेली, आणि तिला सहा वर्षांची मुलगी.

"व्हिडिओ कॉल लावते," आंटी म्हणाली. "नात येते, हाय पोपो म्हणते, आजीला आम्ही पोपो म्हणतो, आणि पळून जाते. मला तिच्याशी काही बोलताच येत नाही, मग ती थांबेल कशाला? म्हणून म्हटलं शिकू या. पण इथे नुसतं लिहा, लिहा, लिहा. टीचर कागद देते. मी वाचेपर्यंत सगळ्यांचं भरून झालेलं असतं. मला लिहायचं नाही, गर्ल. बोलायचं आहे."

मला 'गर्ल' म्हणणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मी काही मोठ्या मनाने पुढे झाले असं नाही. पण समोर कुणीतरी न येणारं घेऊन बसलं की माझा हात आपोआप त्याच्याकडे जातो, ती बावीस वर्षांची सवय. मी विचारलं, "नातीला काय विचारायचं आहे?" तिने बराच विचार केला. नातीकडे कुत्रा आहे, त्याच्याबद्दल विचारायचं. तुझा कुत्रा कुठे आहे? 'दोन्दे एस्ता तु पेर्रो?' एवढं मला पुस्तकातून जुळवता आलं. लिहून दिलं नाही. पाढे म्हणवून घेतात तसं टेबलावर ठेका धरून दोघींनी म्हटलं, वीस वेळा, तीस वेळा. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपर खाली करून बघू लागले. तिचा र काही नीट येत नव्हता, मी फार ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही नऊ वाजताच भेटलो. मेक्सिकोत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. आंटीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी मुलगी आली, मग दोन वेण्या घातलेली नात. "हाय पोपो," ती म्हणाली आणि निघालीच.

आंटीने पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं.

नात थबकली. वळली. चेहऱ्यावर नवल. मग तिने एक वेणी हातात धरून कॅमेऱ्यासमोर नाचवली आणि ओरडली, "आकी! आकी!" म्हणजे इथे, इथे. आणि ती जी हसत सुटली! आंटीने पुन्हा विचारलं, तिने दुसरी वेणी दाखवली. मग तिने आजीकडे बोट करून काहीतरी विचारलं, आंटीने काही न कळता आपलं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणि नात हसून हसून खुर्चीतून घसरली. हे दहा-बारा मिनिटं चाललं. आंटीच्या कपाळावर घाम आला होता.

फोन बंद झाल्यावर तिने मला विचारलं, "कुत्रा वेणीत असतो का?"

मलाही काही उलगडेना. नातीची आई मागे हसत होती, तिला विचारायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. पुस्तकातही सापडेना. दहाला पाच मिनिटं होती. आंटी उठली, ट्रे उचलला आणि म्हणाली, "चल, टीचरला विचारू."

आम्ही पोचलो तेव्हा वर्गात बाई एकट्याच होत्या. चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले होते, डोळे मिटलेले. आम्हाला बघून त्या दचकून पाय खाली घेऊ लागल्या. त्या दिवसाचे त्यांचे अजून दोन वर्ग राहिले होते, हे मला नंतर कळलं. पण शेवटच्या तासाला माझाही चेहरा असाच व्हायचा, हे मी लगेच ओळखलं. तिसऱ्या दिवसापासून मनात धरलेला राग जरासा ढिला झाला. गेला नाही.

आंटीने वाक्य म्हणून दाखवलं. बाई ऐकत राहिल्या, मग त्यांनी तोंडावर हात दाबला. पेर्रो म्हणजे कुत्रा. पण आंटीच्या तोंडून निघत होतं 'पेलो', आणि पेलो म्हणजे केस. आजीने नातीला विचारलं होतं, तुझे केस कुठे आहेत? आणि नातीने उलट विचारलं असणार, तुझे कुठे गेले?

आंटीने आपल्या बारीक कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि मोठ्याने हसली. बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. पहिल्यांदाच त्या आमच्याशी इंग्रजीत बोलल्या. म्हणाल्या, "हे वाक्य दुरुस्त करू नका. उद्याही हेच विचारा."

त्या दिवसापासून आंटीला लिहायचे कागद मिळेनासे झाले. बाई तिला फक्त तोंडी विचारत. मला मात्र कसलीही सवलत मिळाली नाही. माझ्या चुका लाल पेनने, आणि चुका भरपूर. थकवाही संपला नाही. वर्ग, घर, स्वयंपाक, मुलाचा फोन, पुन्हा वर्ग. कितीतरी दुपारी मी एमआरटीत उभ्या उभ्या पेंगले आहे. पण पुन्हा दांडी मारली नाही. नवऱ्याला दांडीचं सांगून टाकलं, तेव्हा तो म्हणाला, "मला आधी सांगायचंस ना."

"तू विचारलं होतंस का, मला जमतंय का?"

त्या दिवशी भांडी त्याने घासली.

पहिली पातळी संपत आली, आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर घरी आला. बूट न काढताच म्हणाला, "चिले रद्द. काम दुसऱ्या कंपनीला गेलं."

मी भात लावत होते. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. स्टूल ओढून बसले, एवढंच. इतके आठवडे कुठल्यातरी तिसऱ्याच गावासाठी तयार होत राहिलो, आणि जिथे होतो ते अजून नीट बघितलंही नव्हतं.

"मग आता उद्या जायची गरज नाही," तो म्हणाला.

"परीक्षा आहे."

"पण कशाला?"

सकाळी मी गेलेच. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही स्पॅनिश का शिकता? या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर घोकलं होतं, कारण आम्ही चिलेला राहायला जाणार आहोत. व्याकरण बिनचूक होतं. मी तोंड उघडलं आणि ते म्हणवेना. बाई वाट बघत होत्या. शेवटी मी म्हणाले, "नो से." माहीत नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी पास झाले, जेमतेम. आंटीही झाली, आणि लगेच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिने वर्ग सोडला. पुढची पातळी मी घेतली नाही. आता आमच्याच इमारतीतल्या मुलांना गणित शिकवते. न येणाऱ्याला उभं करत नाही. कधी कधी जीभ वळवळते, तेव्हा पाणी पिऊन येते. स्पॅनिश बरंचसं विसरले. ते आठ दिवसही, नुसतं झोपायचे, अजून मिळालेले नाहीत.